हॉट टबचे बिल आणि झाकणावरचा बर्फ

कॅनडातल्या मिसिसागातले आमचे घर घेतले, तेव्हा मागच्या अंगणातला हॉट टब (गरम पाण्यात बसून डुंबायचे मोठे झाकणाचे कुंड) घराबरोबरच पदरात पडला. “दिवसाला डॉलरभर खर्च, त्याहून जास्त नाही,” असे आम्हाला सांगण्यात आले होते. पहिला हिवाळा तो रिकामाच ठेवला. दुसऱ्या हिवाळ्यात मुलांच्या हट्टाखातर भरला आणि जानेवारीचे हायड्रोचे बिल (ओंटारियोत विजेला आजही सर्रास हायड्रोच म्हणतात, नायगारा धबधब्यावरच्या जलविद्युतेच्या कृपेने) आधीच्या जानेवारीपेक्षा ४३० युनिटांनी, म्हणजे बासष्ट डॉलरने वाढले. दिवसाला दोन डॉलर झाले. रक्कम डोळे पांढरे होण्याइतकी नसली तरी सांगितलेल्याच्या दुप्पट होती, आणि ती नेमकी कुठे गेली हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

हिशेब सोपा आहे. आमच्या टबात १,५०० लिटर पाणी मावते आणि तेवढे पाणी एक अंश सेल्सियसने तापवायला पावणेदोन युनिट वीज लागते. नळाचे पाच अंशांचे पाणी ३८ अंशांवर न्यायचे तर सुमारे ५८ युनिट, म्हणजे चार किलोवॅटच्या हीटरला साडेचौदा तास. पण हा खर्च टब नव्याने भरतानाच येतो, म्हणून पाणी बदलण्याचे काम मी ऐन थंडीत काढत नाही. पाण्याचे जोरदार झोत सोडणाऱ्या जेट्सचा मोठा पंप अर्ध्या तासात फार तर एक युनिट खातो. वाफ होऊन उडणारे प्रत्येक लिटर पाणी जवळजवळ पाऊण युनिट उष्णता घेऊन जाते, हे धरले तरी एका वेळच्या डुंबण्याचा खर्च तीन-चार युनिटांच्या आसपास राहतो. आम्ही टबात उतरत होतो आठवड्यातून दोनदा. तेव्हा बाकीची वीज आम्ही घरात बसून चहा पीत असताना खर्च होत होती, हे उघड आहे.

टब विकत घेणारे हीटर किती किलोवॅटचा आणि जेट्स किती, एवढेच विचारतात. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायला हवे ते हे, की झाकण घातलेला, कोणी न वापरलेला टब दिवसाला किती वीज घेतो? कॅलिफोर्नियाने नेमक्या याच विजेवर कायद्याने मर्यादा घातली आहे. त्यांच्या सुधारित सूत्रात ही मर्यादा पाण्याच्या घनफळाच्या दोन-तृतीयांश घाताप्रमाणे, म्हणजे टबाचा पृष्ठभाग वाढतो त्या बेताने, वाढते, कारण उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून. आमच्याएवढ्या चारशे गॅलनच्या टबाला ती सुमारे २४४ वॅट येते, म्हणजे दिवसाला सहा युनिटांच्या आत. मात्र ही चाचणी बाहेर साधारण पंधरा अंश तापमान धरून होते. आमच्याकडे उणे पाच असताना तापमानातला फरक जवळपास दुप्पट होतो आणि त्याच हिशेबाने चांगला टबसुद्धा अकरा युनिटांवर जातो. “दिवसाला डॉलर” हे वाक्य खोटे नसते, ते फक्त मे महिन्यातले असते.

आमचा टब तर चौदा युनिट घेत होता. त्याचे कारण एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसले. रात्रभर बर्फ पडला होता, शेजाऱ्यांच्या टबाच्या झाकणावर वीतभर थर होता आणि आमचे झाकण ओले, काळेभोर, मधल्या घडीतून वाफेची बारीक रेघ सोडत पडलेले. झाकणाच्या आतल्या फोमने वर्षानुवर्षे पाणी पिऊन घेतले होते, त्यामुळे तो उष्णता अडवत नव्हता. ते उचलायला दोन माणसे लागत आणि त्याचे कारण आम्ही आमच्या व्यायामाच्या अभावात शोधत होतो.

नवे झाकण सहाशे डॉलरला पडले. त्याच सुमारास आम्ही रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेत अतिस्वस्त विजेची योजना घेतली. ही योजना २०२३ साली सुरू झाली तेव्हा रात्रीचा दर युनिटला २.४ सेंट होता आणि कामाच्या दिवशी दुपारी चार ते नऊचा दर २४ सेंट, म्हणजे थेट दहापट. आता चार ते नऊ हीटर बंद असतो. त्या पाच तासांत पाणी जेमतेम सव्वा अंशाने उतरते. भरलेल्या टबाचा हीटर मात्र पूर्ण हिवाळाभर बंद करण्याची चूक कोणी करू नये. नळ्यांत पाणी गोठले तर दुरुस्तीपुढे बिल परवडले असे वाटेल.

नाशिकहून आलेली आई हे सगळे ऐकून म्हणाली, “अरे, बंबसुद्धा आंघोळी आटोपल्या की विझवतात.” तिला थर्मोस्टॅट समजावून सांगायला एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि तरीही ती झोपण्यापूर्वी टबाचा दिवा लागलेला दिसतो का ते पाहून येतेच. दिवाळीच्या पहाटे, स्वस्त दराच्या वेळेत, अभ्यंगस्नान टबातच करावे अशी मुलांची सूचना होती. ती मी फेटाळली, कारण तेल-उटण्याने फिल्टर चोंदतो. या जानेवारीत वाढलेली युनिटे ३३० वर आली आहेत, आणि आज सकाळी आमच्याही झाकणावर वीतभर बर्फ आहे.