साऊंडदादांची खरेदी

सिनेमाच्या सेटवर आवाज पकडायचं काम धरलंय? मग सगळ्यात आधी हप्त्यावर माइक घ्या. कान तयार करणं वगैरे मागाहून होतच राहतं. माइक लांब नळीचाच हवा. युनिटमध्ये तुमचं नाव कुणाच्या लक्षात राहणार नाही, नळी राहील. सेनहायझर कंपनीचा ४१६ मिळाला तर विषयच संपला. वीतभराहून किंचित लांब, काळाभोर, आणि हातात धरला की शिकारीला निघाल्यासारखा. लोकांचा समज असा, की ही आवाजाची दुर्बीण आहे. रंकाळ्याच्या ह्या काठावरून रोखली की त्या काठावरच्या भेळवाल्याची उधारी ऐकू येते. तो समज मोडू नका. दिग्दर्शकाचाही तोच आहे. तो अख्खं शिवार फ्रेममध्ये घेईल, नायिकेला बांधाच्या पार टोकाला उभी करील आणि तुम्हाला म्हणेल, "लांबचा माइक हाय न्हवं तुझा? मग घे की हितनंच." उघड्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, हे भौतिकशास्त्र त्याला सांगत बसू नका. कॉलशीटवर, म्हणजे आज सेटवर कुणी कधी यायचं त्या कागदावर, भौतिकशास्त्राचं नाव नसतं.

मग हीच नळी घेऊन घरात शिरा. शहाबादी फरशी, ऑइलपेंटच्या भिंती, वर पत्रा. नळीच्या अंगाला चिरा असतात, त्या बाजूने येणारा आवाज मारण्यासाठी. पण बंद खोलीत नायकाचाच आवाज भिंतींवर आपटून चारी बाजूंनी परत येतो आणि त्या चिरांमधून अर्धामुर्धा आत घुसतो. नायक मग कळशीत तोंड घालून प्रेम व्यक्त करतोय असं वाटतं. अशा वेळी हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा बिननळीचा आखूड माइक जास्त शहाणपणाने वागतो. पण तो दिसतो बोटभर. त्याचं भाडं कोण देणार? आणि घोंगड्याचं तर नावच काढू नका. चार जाड घोंगडी कॅमेऱ्यामागच्या भिंतीला टांगली, दोन पायाखाली अंथरली की खोलीचं घुमणं बरंचसं बसतं. पण घोंगड्याला मॉडेल नंबर नसतो, सेल लागत नाहीत, त्याच्यावर हप्ता बसत नाही. असल्या वस्तूला उपकरण म्हणतात होय?

रेकॉर्डर बत्तीस बिट फ्लोटवालाच घ्या. नायक कुजबुजता कुजबुजता एकदम किंचाळला तरी फाईल फाटत नाही, लेव्हल नंतर खालीवर करता येते. हे खरंच आहे. (माइकच ओव्हरलोड झाला तर बत्तीस बिटचाही इलाज चालत नाही, पण आता घेतलाच आहे तर उत्साह कशाला घालवायचा.) ह्यातून पुढचा निष्कर्ष निर्माता स्वतःच काढतो: लेव्हल नंतर सुधारते म्हणजे ट्रॅक्टरही नंतर काढता येईल.

ट्रॅक्टर. इथे थोडं थांबू या, कारण आपण थांबलो नाही तरी तो थांबवतोच.

कोल्हापूर जिल्ह्यात शूटिंगच्या तारखा आणि उसाचा हंगाम हटकून एकत्र येतात. पाऊस सरला की दोघांनाही रान मोकळं होतं. मागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, पुढे मडगार्डवर साऊंडबॉक्स. ट्रॅक्टर वळणावर दिसायच्या आधी त्याचं गाणं सेटवर हजर. करवीर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मायलेकांच्या ताटातुटीचा सीन करत होतो. सहा टेक गाण्यात बुडाले. सातव्याला मी हेडफोन गळ्यात टाकून रस्त्यावर गेलो, हात केला. ड्रायव्हर भला माणूस. ट्रॅक्टर थांबवला, खाली वाकला.

"मामा, जरा गाणं बारीक करतासा काय? पलीकडं शूटिंग चाललंय."

"का? आवडलं न्हाई व्हय? दुसरं लावू?"

आणि लावलं. नंतर शूटिंग कळल्यावर त्याने इंजिनही बंद केलं, कारण आता त्याला ते बघायचं होतं. आठवा टेक सुरू होणार तोवर त्याच्यामागे आणखी चार ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. प्रत्येकाची आवड वेगळी.

ह्यावर खरा इलाज म्हणजे दोन्ही बाजूंच्या वळणांवर एकेक पोरगा, त्याच्या हातात फोन, आणि शेजारी चहाची किटली. ड्रायव्हर चहा पितो तेवढ्यात टेक होतो. दोन पोरं आणि किटली मिळून दिवसाचा खर्च तुमच्या एका चांगल्या केबलइतकाही नाही. म्हणून प्रॉडक्शन तो मंजूर करत नाही. मंजूर होतं ते आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर. त्याने ट्रॅक्टर जातो. जाताना आईचे 'स' आणि 'श' ट्रॉलीत घालून घेऊन जातो. पडद्यावर माउली बोबडी होते, आणि समीक्षक तिच्या अभिनयातल्या निरागसतेवर लिहितात.

लेपल, म्हणजे कपड्यांत लपवायचा चिमुकला माइक, घेताना नटांच्या अंगावर काय काय असणार आहे ह्याचा विचार अजिबात करू नका. ड्रेसदादांनी नायिकेला कोल्हापुरी साज घातलेला असतो, आणि तो खरा वाटावा म्हणून वजनदार असतो. तुमचा माइक नेमका त्याच्याखाली. ती श्वास घेते तेव्हा साज वाजतो, उसासा टाकते तेव्हा साज वाजतो, आणि सासू आत आली की बांगड्या. शिवाय चप्पल. बाकीच्या जगात वहाण वाजली की ती बिघडली समजतात. आमच्याकडे करकर वाजली नाही तर बिघडली. गावचे पाटील त्या करकरीनेच प्रवेश करतात, तीच त्यांची प्रस्तावना. फ्रेममध्ये पाय दिसत नसतील तर पाटलांना मोजे घालून चालवा, किंवा चपलेच्या तळाला फेल्ट चिकटवा, असं मी एकदा सुचवलं. पाटील करणारे नट माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी मात्र त्यांचं सगळं ऐकत होतो, कारण लेपल चालूच होता.

लेपलचा ट्रान्समीटर, म्हणजे आवाज बिनतारी धाडणारी डबी, कमरेला बांधतात, तिथे घाम येतो आणि घामाने तो मरतो. ह्यावरचा जुना, स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे निरोध. बिनवंगणाचा. त्यात ट्रान्समीटर सरकवायचा, तोंड बांधायचं, झालं. आता हा माल तालुक्याच्या गावात, संध्याकाळी सात वाजता, एकदम दोन डझन, आणि वर "पक्कं बिल द्या, प्रॉडक्शनला लावायचंय" असं म्हणत विकत घेणं, ह्यासाठी लागणारा चेहरा कुठल्याही दुकानात मिळत नाही. माझा असिस्टंट त्या दुकानापुढून अजून मान खाली घालून जातो.

पावसाळ्यात गगनबावड्याकडे शूटिंग लागलं तर नाही म्हणू नका. तिथे हवा नसते, पाणीच असतं. साधे कंडेन्सर माइक अशा दमटपणात तडतडायला लागतात. ४१६ तग धरतो, कारण त्याची कॅप्सूल, म्हणजे आवाज टिपणारा भाग, उच्च वारंवारतेच्या सर्किटवर चालते. म्हणजे तो हप्ता अगदीच वाया नाही. रात्री सगळे माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. आम्ही लाडवाचा स्टीलचा डबा वापरतो. त्याचा तोटा एवढाच, की रात्री दोन वाजता कुणीतरी तो उघडतंच.

केबल, सेल, टेप ह्यांवर फार बोलण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे जेवढे असतील त्याहून एक कमी पडणार.

आपला धंदा गावात सांगताना मात्र जपा. "साऊंडचं काम करतो" म्हटलं की इथे पुढचा प्रश्न ठरलेला: "मग डॉल्बी कितीचा हाय?" रे डॉल्बी नावाच्या गृहस्थाने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची सरसर कमी करून. आमच्याकडे त्याच नावाने मिरवणुकीत स्पीकरची भिंत चालते, जिच्यासमोर उभं राहिलं की आपलं काळीज दुसऱ्याच्या तालावर पडतं. सरसर गेलीच, त्यात खोटं काही नाही. बाकीचंही ऐकू येईनासं झालं. मी समजावून सांगितलं की आम्ही आवाज सोडत नाही, पकडतो. मंडळाचा अध्यक्ष विचारात पडला. "म्हंजे पोलिसांकडनं हायसा व्हय तुम्ही?"

पूर्वी सोपं असणार, असं तुम्हाला वाटेल. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली ह्याच कोल्हापुरात निघाली, पहिला मराठी बोलपट तिने १९३२ साली इथेच केला. पार्श्वगायन तेव्हा यायचं होतं; नटनट्या गाणं कॅमेऱ्यासमोर गायच्या, जे उमटलं ते उमटलं. डबिंगला बघू म्हणायची सोय नव्हती. १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. इतिहासकार त्याची कारणं सांगतात, पण त्यांच्यात साऊंडवाला एकही नसल्यामुळे मला स्वतःचा संशय बाळगायची मुभा आहे.

तेव्हा उरली शेवटची वस्तू: स्कूटरची किल्ली. लोकेशनच्या घरात फ्रिज असतो, तो घुरघुरतो, तो बंद करावा लागतो, आणि पॅकअपच्या गडबडीत तो परत चालू करायचा राहतो. म्हणून बंद करताना आपली किल्ली त्याच्या आत ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज आठवतोच. ही युक्ती जगभरचे साऊंडवाले वापरतात. मीही वापरली, एका काकींच्या घरी. किल्ली मिळाली, फ्रिज चालू केला, आणि तोवर काकींनी नासायला नको म्हणून आतलं सगळं मटण शिजवून युनिटला वाढलं होतं. तांबड्या रश्श्यानंतर दुपारचा एकही टेक शिंकेशिवाय गेला नाही.

सीन संपला की त्या खोलीची नुसती शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करायची असते. संवादांच्या मधली भोकं एडिटर तिनेच बुजवतो. तेवढ्यासाठी हात वर करा आणि ओरडा, "कुणी हलू नका, रूमटोन घेतोय!" लाइटवाले स्टँड उचलता उचलता थांबतील, दिग्दर्शक घड्याळ बघेल, पाटील एका पायावर उभे राहतील. माझ्याकडची आजवरची सर्वांत लांब फाईल बावीस सेकंदांची आहे. तेविसाव्या सेकंदाला दाराबाहेरून स्पॉटदादांचा आवाज येतो, स्वच्छ, अगदी माइकच्या रोखाने: "साऊंडदादा, झोपलासा काय?"