जीव घाबरून राहिला

मागच्या रविवारी मावसबहिणीचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला. ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. रात्रीची जेवणं उरकली की मोबाइलवर हृदय-पुनर्वसनाचा, म्हणजे झटका किंवा बायपासनंतर रुग्णाला व्यायामाने पुन्हा उभं करण्याचा, ऑनलाइन कोर्स करते. म्हणाली, "ताई, कोर्स तर करून राहिली मी, पण इथे सगळे हसतात. म्हणे, मोबाइलवर शिकून कोणी पेशंट सांभाळते का बाप्पा!"

ऑनलाइन आरोग्य-शिक्षणाचा वाद तिकडे ताजाच आहे. ऑगस्ट २०२५मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसह २०२१च्या आरोग्य-व्यवसाय कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पदवीतून बंद केले. मला तो निर्णय पटतो. घरबसल्या पदवी घेऊन कोणी रुग्णाला हात लावू नये. पण जिच्याकडे पदवी आहे, जी रोज वॉर्डात उभी असते, तिने रात्री दोन तास शिकायचं म्हटलं तर तिलाही याच मापाने मोजायचं?

मी इथे ब्रिटनमध्ये, लेस्टरला हेच काम करते. रुग्णाची ताकद मोजायची आमची शटल वॉक टेस्ट दिसायला पोरखेळ असते. नऊ मीटरवर दोन कोन ठेवायचे, बीप वाजेपर्यंत रुग्णाने पलीकडे पोचायचं, दर मिनिटाला वेग वाढतो. नियम मी स्क्रीनवरच शिकले. समोरच्याचा चेहरा राखाडी पडतोय आणि आता थांबवायला हवं, हे मात्र शेजारी सीनियर उभी होती म्हणून कळलं. ऑनलाइनला तो शेजार जोडलेला हवा, एवढंच माझं म्हणणं.

आणि भाषा हवी. बीटा-ब्लॉकर हे नाडी मंद ठेवणारं औषध चालू असलं की नाडी पुरेशी वाढत नाही, म्हणून किती दमलात हे ६ ते २० च्या बोर्ग स्केलवर रुग्णालाच विचारावं लागतं. नागपूरचे काकाजी आकडा सांगत नाहीत. ते म्हणतात, "जीव घाबरून राहिला." हा दम, अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारा त्रास) की नुसती भीती? "गॅस झाला असन" म्हणणाऱ्याला तर दोनदा विचारावं. हे कुठल्याही इंग्रजी मॉड्यूलमध्ये मला सापडलेलं नाही. उलट तिच्या कोर्सात थंड वाऱ्यात व्यायाम करू नका, असं बजावलंय. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना तिने ते वाचलं आणि आम्ही दोघी खूप हसलो.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. ब्रिटनमध्येही पात्र रुग्णांपैकी साधारण निम्मेच पुनर्वसनाला येतात. माझ्याकडे येणाऱ्या गुजराती आजींना दुपारच्या क्लासला यायचं तर मुलाला सुट्टी काढावी लागते. आणि भारतात काही होत नाही, हेही खोटं. झटक्यानंतर योगातून पुनर्वसन करून पाहणाऱ्या योग-केअर चाचणीत देशभरातल्या २४ रुग्णालयांतले जवळपास ४,००० रुग्ण होते, तीन महिन्यांत १३ सत्रं. पुढचे झटके आणि मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही, पण माणसं आपल्या रोजच्या कामाला जास्त चांगली परतली.

माझ्या मामांच्या बायपासनंतर डिस्चार्ज कार्डवर एकच ओळ होती, 'हलके चालणे'. हलकं म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नाही. मामींनी दोन महिने त्यांना फाटकाबाहेर पडू दिलं नाही. पोराला अंबाझरी तलावावर नेऊन परत आणणारा तगडा माणूस, भाजीची पिशवी उचलायला घाबरायला लागला. ती ओळ समजावून सांगणारं कोणी हवं होतं. ते मोबाइलवर शिकलं की कॉलेजात, हे मामींनी विचारलं नसतं. अशी माणसं मराठीत तयार करायची, आणि प्रात्यक्षिकाचे आठ-दहा दिवस नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत. पेशंट बालाघाट-गडचिरोलीहून तिथेच येतात.

फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "सहा मिनिटं चालायच्या टेस्टला ३० मीटर सरळ जागा लागते ना? आमच्या कॉरिडॉरमध्ये तर डबेवाले नातेवाईक बसून राहतात. पार्किंगमध्ये घेऊ?"

"सकाळी सहाला घे, गाड्या यायच्या आधी. डॉक्टर थांबतील ना सोबत?"

"सरांना विचारलंच नाही अजून."