पडायला कसं आहे?

रिमोटवर उडणाऱ्या खेळण्यांच्या खोक्यावर एक पोरगं हमखास हसत उभं असतं. मागे निळं आभाळ, वर हेलिकॉप्टर आणि मान वर करून हे हसतंय. ह्या पोराच्या घरात ना सीलिंग फॅन असतो, ना पडदे, ना गॅलरीला कबुतरांची जाळी. खोक्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 14+ छापलेलं असतं आणि पोरगं स्वतः जेमतेम पहिलीतलं दिसतं.

आमची ईरा खरोखरच पहिलीतली, सहा वर्षांची. तिला वाढदिवसाला "वर जाणारं, खरं खरं, माझ्या रिमोटनी" असं काहीतरी हवं होतं. कार नको, कारण कार खालीच राहते. इतकी क्लिअर रिक्वायरमेंट मला ऑफिसात आजवर कोणी दिलेली नाही, त्यामुळे मला वाटलं जाऊ आणि घेऊन येऊ.

पण घरात दोन एक्स्पर्ट आहेत. नवरा रात्री जेवण झालं की व्हिडिओ लावून बसायला लागला आणि बघता बघता पोरीचा वाढदिवस राहिला बाजूला, फोर-के कॅमेरा, जीपीएस, आपोआप घरी परत येणं वगैरे सुरू झालं. म्हटलं अरे ती अजून स्वतः बाथरूममधून आपोआप परत येत नाही, हाक मारावी लागते. दुसरे एक्स्पर्ट म्हणजे सासरे. त्यांनी ड्रोन नियम 2021 ची चक्क प्रिंट काढून आणली, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेन्सिल. "अगं, आपण वारज्यात राहतो, एनडीए इथून केवढंसं लांब आहे, तिकडे लोहगावला एअरफोर्स, आणि तू ड्रोन आणायला निघालीस?" मी म्हटलं बाबा, तुमच्याच प्रिंटमध्ये आहे, 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्याला पायलट लायसन्स लागत नाही आणि आपलं खेळणं तर पन्नास ग्रॅमसुद्धा भरणार नाही. तर म्हणाले, "प्रश्न वजनाचा नाही, झोनचा आहे, कुठे उडवायला बंदी आहे त्याचा." शेवटी तह झाला, घराबाहेर उडवायचं नाही आणि कॅमेरा नको. कॅमेऱ्याचं मला मनापासून पटलं, समोरच्या विंगमधल्या काकू आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा मत देतात, त्यांच्या खिडकीसमोर कॅमेरा गेला तर काय होईल ह्याचा विचारच नको.

मग पासोड्या विठोबा. पुण्यात वायरी, बॅटऱ्या, मोटरी असलं काहीही हवं असेल तर माणूस तिकडेच जातो. जूनचा घामटा, पार्किंग नाही, पोरगी बोटाला धरलेली.

पहिल्या दुकानात हेलिकॉप्टर निघालं. साडेतीन चॅनल, असं तो इतक्या अभिमानाने म्हणाला की मी विचारलंच, तीन समजले, वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी, हा अर्धा कसला? म्हणाला लाईट लागतो मॅडम. म्हणजे पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धा निदान नाना फडणवीस तरी होता, इथे एलईडी. पण ह्या हेलिकॉप्टरचं एक मला आवडलं, डोक्यावर दोन पंखे एकावर एक आणि दोघं उलट दिशांना फिरतात, त्यामुळे एकाचा पीळ दुसरा खोडून काढतो आणि बिचारं स्वतःभोवती गरगरत नाही, एका जागी शांत तरंगतं. रिमोट इन्फ्रारेड, टीव्हीच्या रिमोटसारखाच प्रकार, उन्हात नेलं की सिग्नल गेला, पण आमचं तर ठरलंच होतं घरात. सगळं जमत होतं. मग मी विचारलं, "पडायला कसं आहे?"

तो बघतच राहिला. "उडतं छान मॅडम."

उडतं छान हे मला कळलंय हो. पण सहा वर्षांच्या मुलीच्या हातात ते उडण्यापेक्षा पडणारच जास्त आहे ना? मोठा माणूस घाबरला की स्टिक सोडतो. लहान मूल घाबरलं की घट्ट धरतं, त्यामुळे हेलिकॉप्टर भिंतीकडे निघालं की ही अंगठा पूर्ण वर दाबून "आई आई आई" करणार आणि ते छतापर्यंत जाणार, मग खाली. आणि त्याचे पंखे उघडे, वर एक नाजूक आडवा दांडा तोल सांभाळायला, शेपटी काडीएवढी. फरशीवर पहिल्यांदाच आपटल्यावर ह्यातलं काय शिल्लक राहणार? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "लाईट राहील."

दुसऱ्या दुकानात सेन्सरचा बॉल होता. ह्याला रिमोटच लागत नाही, खालून तळहात धरला की वर सरकतो. ईरा जाम खूश. दुकानदार आतल्या मुलाला ओरडला, "पंखा बंद कर रे", सगळं गिऱ्हाईक घामाघूम, बॉल घरघरत वर गेला, छताला टेकला आणि घसरत घसरत तिच्या डोक्याकडे यायला लागला. दोन वेण्या, त्यावर रबरं, आणि चार बोटांवर फिरणारं पातं. मी तो हवेतच झेलला, माझा कॉलेजातला सगळा थ्रोबॉल तिथे कामाला आला. केस गुंतला असता तर वाढदिवसाला बॉयकट मिळाला असता. शिवाय खोक्यावर आयएसआयचा शिक्का शोधून सापडेना. 2021 पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे, तसं विचारलं तर म्हणे, "ताई, हे टॉय नाही, हॉबीमध्ये येतं." बाबा सोबत नव्हते हे त्याचं नशीब. खेळणं नाही म्हटल्यावर त्यांनी तिथेच प्रिंट उघडली असती.

तिसऱ्या दुकानातला माणूस वयस्कर, चष्मा कपाळावर, गिऱ्हाईक आलं म्हणून विशेष आनंद नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी ईराला विचारलं, "घरात भांडी कोण पाडतं?" ती म्हणाली, "मी आणि बाबा." त्यांनी तळहाताएवढं चार पंख्यांचं एक काढलं, चारही पाती प्लॅस्टिकच्या गोल पिंजऱ्यात, आणि सरळ हातातून फरशीवर सोडलं. उचललं, परत सोडलं. मग म्हणाले, आता उडवून दाखवू का? मला तर तिथेच पाया पडावंसं वाटलं. शिक्काही होता.

ह्यात खरी सोय अशी की उंची तेच धरून ठेवतं, आत हवेचा दाब मोजणारा चिमुकला सेन्सर असतो, स्टिक सोडली तरी जागेवर तरंगतं, दगडासारखं खाली येत नाही. फक्त फॅनचा झोत वरून बसला की गोंधळतं, तेव्हा घरातही पंखा बंदच. आणि हेडलेस मोड. एरवी खेळण्याचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, तिथे भले भले भिंतीत जातात. ह्या मोडमध्ये तोंड कुठेही असो, डावीकडे म्हणजे डावीकडे. काका म्हणाले, "डोकं चालवायचं नाही, म्हणून हेडलेस." शिवाय एक दम दिला, पातं कशात अडकलं तर आधी स्टिक खाली, नाहीतर अडकलेली मोटर जळते. हे ईराला पाठ आहे. नवऱ्याला अजून नाही.

बॅटरी 3.7 व्होल्टची, बोटाच्या पेराएवढी. तासभर चार्जिंग आणि सहा-सात मिनिटं उडणं, आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखं, यायची वाट बघण्यातच दिवस जातो. लगेच परत चार्जिंगला लावायची नाही, आधी गार होऊ द्यायची, आणि फुगलेली दिसली तर सरळ बाद. म्हणून मी जास्तीची एक घेतली आणि चार्जिंगच्या जागेवर बाबांना नेमलं. ते खुर्ची टाकून समोर पेपर वाचत बसतात, लाल लाईट गेला की हाक मारतात. झोनचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आता ईरा डायनिंग टेबलावरून सोफ्यापर्यंत नेते, सोफ्यावर पाडते, त्याला ती लँडिंग म्हणते. पाती मात्र पिंजऱ्यात असूनही चिरतात. आणि पात्यांचे दोन प्रकार असतात, दोन पंखे सरळ फिरणारे, दोन उलटे. प्रत्येक पात्यावर ए किंवा बी उठवलेलं असतं, पण पांढऱ्या प्लॅस्टिकवर पांढरंच, मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तरच दिसतं. चुकून ए च्या जागी बी बसलं की ते उडतच नाही, जागच्या जागी कोलांटी मारतं. आमच्याकडे, का कोण जाणे, दर वेळी बी तुटतं. बहुतेक सोफ्याचा लाकडी हात त्याच बाजूला येतो. काकांकडे सुट्टं बी मिळत नाही, पूर्ण सेटच घ्या म्हणाले, कितीही गोड बोला, सेटच. त्यामुळे घरात चहाच्या डब्याशेजारी एक वाटी भरून नुसती ए पाती साठलीत. कोणाकडे फक्त ए तुटत असतील तर कळवा, आम्ही वारज्यातच आहोत, येताना बी घेऊन या.