‘दांभिक’ या शब्दाबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. महाविद्यालयीन मुलांच्या पर्यावरणविषयक सवयींवर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, मुलांनी प्रश्नावलीत भरलेल्या उत्तरांवर मी भाबडेपणाने विश्वास ठेवला. दुसरा, ‘वीज वाचवा’चं पोस्टर रंगवून वसतिगृहाच्या खोलीतला पंखा चालूच ठेवून जाणारी मुलं दांभिक आहेत आणि मी त्यांना पाठीशी घालतो.

पहिला आक्षेप मान्य. ‘ओला-सुका कचरा वेगळा करता का?’ असं विचारलं की आपण कसं वागायला हवं तेच माणूस सांगतो. मी डबे उघडून पाहायला हवे होते, मीटरवरचे आकडे टिपायला हवे होते. ‘बहुतेक मुलं जागरूक आहेत’ हे वाक्य आज लेखातून काढलं.

‘दांभिक’ मात्र मला पटत नाही. दांभिकाला मनातून फिकीरच नसते. या मुलांना ती आहे, फक्त बटणापर्यंत हात जात नाही, कारण हाताला तशी सवयच नाही. आणि सवय जागेला चिकटलेली असते. सवयींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही पाहणं, अशा साध्या सवयी त्यांनी तपासल्या. नव्या ठिकाणी भोवतालही बदलला तिथे जुनी सवय सैल झाली आणि मुलं आपल्या इराद्याप्रमाणे वागू लागली. म्हणून प्रथम वर्षाचे सुरुवातीचे आठवडे मला फार मोलाचे वाटतात. नेमकं तेव्हाच आपण त्यांना पर्यावरणावर भाषण ऐकवतो आणि खोलीत कचऱ्याचा डबा एकच ठेवतो!

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने प्रिंटर मुळातच पाठपोट छापतील असे लावून ठेवले. एका बाजूला छापायची मुभा होती, पण ती मुद्दाम निवडावी लागे. पहिल्या तीन वर्षांत कागदाचा वापर ४४ टक्क्यांनी घटला. त्यासाठी कुणाचं मतपरिवर्तन करावं लागलं नाही.

‘मग मुलांची काहीच जबाबदारी नाही का?’ असं तुम्ही विचारता. आहे. पंखा त्यांनीच बंद करायचा आहे. पण दोन डबे ठेवणं, बटण दाराशी बसवणं हे त्यांच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना तुमच्या प्रतिक्रियेत एकही प्रश्न नाही. याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुम्ही सुचवलेली मोजणी मी करणार आहे. एका मजल्यावरचा कचरा महिनाभर रोज वजन करून नोंदवायचा, मग दोन डबे ठेवून पुन्हा महिनाभर. आकडे माझ्या विरोधात गेले तरी इथेच देईन.