काहीच न घडल्याचा दाखला

पाच वर्षांत माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही. हे वाक्य गेल्या महिन्यात मी इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी शेवटी मलाच त्याचा संशय यायला लागला.

सुरुवात एका मेसेजने झाली. पॉलिसीची मुदत संपायला महिना असताना विमा कंपनीने माझ्या निष्ठेबद्दल आभार मानले आणि खाली हप्त्याचा आकडा टाकला. गाडी वर्षाने म्हातारी झाली होती, तिची किंमत घसरली होती, हप्ता मात्र तरतरीत होता. सोबतच्या पानावर आणखी बरंच काही बारीक अक्षरात होतं, पण आकडा वाचल्यावर पुढे वाचायची उमेद राहिली नाही. तिकडे ब्रिटनमध्ये विमा कंपन्या जुन्या गिऱ्हाइकाला दरवर्षी थोडं थोडं जास्त लावत असत. १ जानेवारी २०२२ पासून तिथे हा प्रकार बंद झाला. गाडीच्या आणि घराच्या विम्याला जुन्या गिऱ्हाइकाकडून नव्यापेक्षा जास्त घेता येत नाही. हे मी बायकोला मोठ्या तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "मग दुसरी कंपनी बघा. ब्रिटनला कशाला जायला पाहिजे?"

म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडून बसलो.

पहिला धडा असा मिळाला की हप्त्याचे दोन भाग असतात. आपण दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरून द्यायचा तो थर्ड पार्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे तिथे घासाघीस चालत नाही. आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा तो ओन डॅमेज. सगळी सूट, सगळी स्पर्धा आणि सगळी फजिती या दुसऱ्या भागात असते.

फजितीचा पहिला हप्ता आयडीव्ही. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. त्याचं कोष्टकच आहे. गाडी सहा महिन्यांची व्हायच्या आतच ५ टक्के घट धरतात, वर्ष व्हायच्या आत १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात थेट ५० टक्के. माझी गाडी निम्म्यावर आलेली बघून मला वाईट वाटलं. ऑफिसातल्या सहकाऱ्याने सल्ला दिला होता, "आयडीव्ही खाली ओढ, हप्ता आपोआप उतरतो." पडद्यावर ओढायला दांडीही होती. मी ती डावीकडे ओढली, हप्ता उतरला, मी खूश. मग लक्षात आलं की उद्या गाडी चोरीला गेली तर मला कंपनीला सांगावं लागेल की ती फार मोलाची होती, आणि कंपनी माझीच दांडी मला दाखवेल. दांडी परत उजवीकडे. असं पाऊण तास चाललं. एका गाडीची किंमत मी एका बैठकीत नऊ वेळा बदलली आणि गाडी खाली पार्किंगमध्ये शांत उभी होती.

मग जादा कवचांची यादी. रस्त्यात बंद पडल्यास मदत, टायर फुटल्यास, चावी हरवल्यास. चावीवरची खूण मी काढून टाकली. मागून बायकोने हात पुढे केला, ती परत लावली आणि एक शब्दही न बोलता निघून गेली.

मग तो प्रश्न आला, ज्याची मी पाच वर्षं वाट पाहत होतो. नो क्लेम बोनस किती?

आपल्याकडे हा बोनस जिन्यासारखा आहे. एक वर्ष क्लेम केला नाही तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाचव्या वर्षानंतर ५०. त्यावर मजला नाही. एक क्लेम केला की माणूस थेट तळमजल्यावर येतो. हा जिना चढण्यासाठी मी काय काय सोसलं होतं ते माझं मला ठाऊक. कारण सुरुवातीला म्हणालो ते वाक्य तसं पूर्ण नाही. गाडीला झालं होतं. कंपनीला कळलं नव्हतं, एवढंच. पहिल्या वर्षी सोसायटीच्या खांबाने मागचा बंपर चेपवला (खांब तिथेच होता, हे मान्य). दुसऱ्या वर्षी एका स्कूटरने डाव्या दारावर सही केली. चौथ्या वर्षी आमच्याच फाटकाने उजवी बाजू सोलली. प्रत्येक वेळी गॅरेजवाला विचारायचा, "साहेब, क्लेम टाकायचा का?" आणि मी सत्त्वपरीक्षेला बसल्यासारखा म्हणायचो, "नको. बोनस जाईल." डेंटिंग-पेंटिंगचे पैसे खिशातून. विम्याचं गणित मांडणाऱ्या मंडळींनी या वागण्याला नावच देऊन ठेवलंय: बोनसची भूक. सूट वाचवण्यासाठी माणूस स्वतःच्याच पैशाने नुकसान भरत राहतो. पाच वर्षांची टचअपची बिलं एकदा जोडून बघावीत असं मला मध्ये वाटलं होतं. नाही जोडली.

तर मी ५० वर खूण केली. हप्ता धाडकन खाली आला. अगदी निम्मा नव्हे, कारण थर्ड पार्टीचा भाग हलत नाही, पण आला. आणि खाली लाल अक्षरांत ओळ उमटली: पुरावा जोडा.

कसला पुरावा? लग्न झाल्याचा दाखला असतो, जन्मल्याचा असतो, मेल्याचाही असतो. काही न झाल्याचा दाखला कुठे मिळतो? तरी मी एक फाइल काढली, तिच्यावर जाड पेनाने 'काहीच घडलं नाही' असं लिहिलं आणि जुन्या कंपनीला फोन लावला.

"नवीन क्लेमसाठी एक दाबा. चालू क्लेमसाठी दोन दाबा. नामंजूर क्लेमच्या तक्रारीसाठी तीन दाबा." कधीच क्लेम न केलेल्या माणसासाठी बटणच नव्हतं. मी दोन दाबलं.

"क्लेम नंबर सांगा सर."

"क्लेम नाहीच. तेच तर लिहून हवंय."

"सर, क्लेम नंबरशिवाय सिस्टिम पुढे जात नाही."

"पण मी क्लेम केलाच नाही!"

"असं कसं सर, तुम्ही क्लेमच्या लाइनवर आहात."

तीन दिवसांत मी सहा जणांशी बोललो. सातव्या बाईंनी शांतपणे सांगितलं की याला एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसचं, सर्टिफिकेट म्हणतात, ईमेलवर विनंती करा, पाठवू. इतकं सोपं उत्तर देणारा माणूस नेहमी सातवाच का असतो कोण जाणे.

सर्टिफिकेटला दिवस लागणार होते आणि मुदत जवळ येत होती. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर जमलेला बोनस जातो, आणि मध्ये खंड पडला तर गाडीची तपासणी वेगळीच. मी धास्तावलो. नव्या कंपनीचा मुलगा मात्र निवांत होता. "काका, टेन्शन नका घेऊ. क्लेम नव्हता असं घोषणापत्र द्या, खाली सही करा." जुन्या मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाड्यांच्या विम्याच्या नियमावलीत, ही सोय होतीच: ग्राहकाने घोषणा करायची, नव्या कंपनीने २१ दिवसांच्या आत जुन्या कंपनीला लिहून विचारायचं, जुनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. "आणि घोषणा चुकीची निघाली तर?" मी उगाच, नुसती माहिती म्हणून विचारलं. तो म्हणाला, "तर ओन डॅमेजचे सगळे फायदे जप्त. पण तुमचं काय, तुम्ही तर क्लीन."

क्लीन! पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दखल घेतली. मी पेनाचं टोपण काढलं.

"अहो, तो आरसा?" बायको म्हणाली.

"कुठला आरसा?"

"तिसऱ्या वर्षीचा. ड्रायव्हरच्या बाजूचा. टेम्पोवाल्याने उडवला तो."

तो आरसा मला चांगला आठवत होता. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती तेव्हा गॅरेजवाल्याने नवा बसवून दिला, आणि पैसे विचारले तर हसून म्हणाला, "काही नाही साहेब, कॅशलेस केलंय." मला वाटलं, जुनं गिऱ्हाईक म्हणून. त्याच्या भलेपणाचं मी चार लोकांत कौतुकही केलं होतं. एक-दोन कागदांवर सह्या केल्याचंही आठवत होतं, पण गॅरेजमध्ये सह्या आपण करतच असतो.

त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन विचारलं. तो खरंच भला माणूस आहे; त्याने जुनं रजिस्टर काढून माझी सही दाखवली. कॅशलेस म्हणजे बिल परस्पर विमा कंपनीला, म्हणजेच क्लेम. "तुम्हीच तर म्हणालात, कॅशलेस म्हणजे उत्तम."

घरी येऊन पहिल्या दिवशीचं ते बारीक अक्षरांचं पान उघडलं. चौथ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: नो क्लेम बोनस २५ टक्के. दोन वर्षं जिना चढलो, आरशापायी तळमजल्यावर आलो, पुन्हा दोन पायऱ्या चढलो. गेल्या वर्षीच्या पॉलिसीतही २० छापलेलं होतं. म्हणजे चौथ्या वर्षी फाटकाने बाजू सोलली तेव्हा मी जो बाणेदार नकार दिला, तो एका पायरीच्या रक्षणासाठी होता. आणि आरशाची किंमत? ती मी गॅरेजवाल्याला विचारली होती. बायकोला अजून सांगितलेली नाही.

घोषणापत्र फाडलं. २५ वर खूण केली. नवी कंपनी तरीही जुनीपेक्षा थोडी स्वस्त पडली, मुख्यतः मी आयडीव्हीची दांडी दहाव्यांदा हलवल्यामुळे. पैसे भरले. दोन दिवसांनी जुन्या कंपनीचं सर्टिफिकेट ईमेलवर आलं, छापील, शिक्क्यासकट, आरशाच्या तारखेसकट.

ते प्रिंट काढून मी टेबलावर ठेवलं आणि फाइल शोधू लागलो. फाइल बायकोच्या हातात होती. तिने कागद आत लावला, जाड पेन उचललं, आणि वरच्या अक्षरांतला 'काहीच' खोडून तिथे लिहिलं, 'फारसं काही'.