लेसिथिनवाल्या फॉरवर्डचं काय खरं, काय खोटं

"पेशी फॉस्फोलिपिडच्या बनलेल्या असतात, म्हणून भाजल्यावर अंड्याचा बलक लावा, टाचांच्या भेगांना लेसिथिन क्रीम लावा, तोंड आलं किंवा पोटात अल्सर असेल तर लेसिथिनच्या कॅप्सूल खा, आठ दिवसांत नवी कातडी." फॅमिली ग्रुपवर चौथ्यांदा आलंय हे.

पेशीच्या आवरणात फॉस्फोलिपिडचा (म्हणजे फॉस्फरस असलेल्या स्निग्ध पदार्थाचा) दुहेरी थर असतो, बलकात लेसिथिन, म्हणजे अशाच फॉस्फोलिपिडचं मिश्रण, भरपूर असतं, इथपर्यंत मान्य. पण भाकरीचं पीठ पोटावर थापून भूक भागते का?

भाजल्याचं आधी. आमच्या आत्याच्या हातावर भजी तळताना तेल उडालं, तिने लगेच बलक फासला. तो वाळला आणि ताटलीला चिकटतो ना तसा चिकटला, दवाखान्यात सिस्टर अर्धा तास भिजवून भिजवून काढत होत्या आणि त्याच्याबरोबर फोडाची सालही निघाली. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो ते वेगळंच. भाजलं की नळाखाली 20 मिनिटं धरा, बर्फ नको, टूथपेस्ट नको.

टाचांचं तर उलटंच आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात फॉस्फोलिपिड जवळपास नसतंच, पेशी वर सरकताना एन्झाइम ते तोडून टाकतात आणि तिथे उरतात सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड, म्हणजे वेगळेच स्निग्ध पदार्थ. क्रीमने टाच मऊ होईल, पण ती साध्या व्हॅसलीननेही होते.

पोटाच्या मुद्द्यात थोडा दम आहे, हे कबूल करायला हवं. जठराच्या आतल्या अस्तरावर फॉस्फोलिपिडचा पातळ थर असतो, तो ॲसिडला लांब ठेवतो, आणि ॲस्पिरिनसारख्या गोळ्या त्यालाच धक्का लावतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणाऱ्या आजारावर) जर्मनीत हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी फॉस्फोलिपिड देऊन पाहिलं, पण खास उशिरा विरघळणाऱ्या स्वरूपात, कारण साधी कॅप्सूल लहान आतड्यातच पचते. सुरुवातीच्या छोट्या ट्रायल चांगल्या गेल्या, नंतरच्या मोठ्या ट्रायलमध्ये फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. म्हणजे एवढं करूनही हे, आणि आपण दुकानातली कॅप्सूल गिळून ती बरोबर तोंडातल्या फोडापाशी जाईल असं धरून चाललोय! ती तेलातुपासारखी पचते, तुकडे होतात, परत जोडले जातात, रक्तात जातात, पत्ता विचारत फिरत नाहीत.

(जखमेत फॉस्फोलिपिडचं खरं काम बघायचं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या छोट्या पेशी, बघा, त्यांच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते आणि तिच्यावर रक्त गोठायची सगळी खटपट चालते. त्याला कॅप्सूल लागत नाही.)

तोंड वारंवार येत असेल तर बी12 आणि लोह तपासा. आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्याच्या तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर कॅप्सूलचा कोर्स पूर्ण करत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.