बॅक लॉक म्हणजे दोन हातांचं काम?

फोल्डिंग चाकूचं उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून त्याला जागीच धरून ठेवणारी कळ म्हणजे लॉक; बॅक, लायनर, फ्रेम आणि ॲक्सिस हे तिचे प्रकार. असा चाकू घ्यायला निघालेल्याला हमखास मिळणारा सल्ला असा: "एका हाताने उघडायचा-मिटायचा असेल तर लायनर लॉक नाहीतर फ्रेम लॉक घे. बॅक लॉकला दोन हात लागतात. आणि ॲक्सिस सगळ्यात झटपट, त्यात लॉकच पातं उघडतो." तिन्ही वाक्यांत उघडणं आणि मिटणं यांची सरमिसळ आहे.

आधी बॅक लॉक, म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायचा लॉक. स्पायडरको या चाकू कंपनीच्या १९८१ च्या 'वर्कर'मध्ये पात्याला गोल भोक होतं, अंगठ्याने उघडण्यासाठी. त्याच चाकूला लॉक होता बॅक लॉक. म्हणजे ज्या चाकूमुळे ही सोय घरोघरी पोचली, तोच या सल्ल्यात नापास! पातं एका हाताने उघडेल का, हे प्रामुख्याने अंगठा किंवा बोट कशावर टेकतं त्यावर ठरतं: भोक, खुंटीसारखा थंब स्टड, किंवा मुठीच्या पाठीकडून डोकावणारं, बोटाने ओढायचं पात्याचं टोक, म्हणजे फ्लिपर. बॅक लॉकच्याच जुन्या बक ११० या चाकूला फक्त नखाची खाच होती, म्हणून लोक दोन हात लावत. दोष खाचेचा, बदनाम झाला लॉक.

सल्ल्यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. बॅक लॉकची स्प्रिंग पातं फिरताना त्याच्या बुडावर दाब देत राहते, त्यामुळे ते सटकन उडत नाही, रेटत न्यावं लागतं. लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये मिटलेलं पातं लॉकवरच्या, पात्याच्या खळग्यात बसणाऱ्या एका बारीक गोळीने धरलेलं असतं; गोळी सुटली की वाट मोकळी. पण फ्रेम लॉकमध्ये मुठीचाच एक भाग लॉकचं काम करतो. उघडताना बोटं त्याच भागावर दाबली गेली, की गोळी आणखी घट्ट रुतते आणि फ्लिपर फुसका निघतो. "पीस खराब आला" म्हणून परत पाठवण्याआधी पकड बदलून बघा.

आता मिटणं. लॉकच्या प्रकाराने खरा फरक पडतो तो इथे. लायनर लॉक एका हाताने मिटतो, मान्य, पण लॉकचं काम करणारी मुठीच्या आतली धातूची पट्टी बाजूला सारणारा अंगठा त्या क्षणी पात्याच्याच वाटेत असतो. पातं थोडं खाली आलं की अंगठा काढायचा, मगच पुढे मिटवायचं. बॅक लॉकही एका हाताने मिटतो: अंगठ्याने पाठीवरचा लॉक दाबायचा आणि पातं खाली येऊ द्यायचं. स्पायडरको 'नेटिव्ह'सारख्या चाकूत धारेच्या मागे बोटासाठी बोथट खोबण आहे. पातं तर्जनीवर येतं ते त्या खोबणीशी, धारेशी नाही. मग बोट काढून उरलेलं मिटवायचं. अशी खोबण नसलेल्या चाकूवर हा प्रयोग करू नका, तिथे दुसरा हात लावण्यात कमीपणा नाही.

ॲक्सिसबद्दलचं वाक्य तर सरळ चूक. मॅकहेन्री आणि विल्यम्स या चाकू-रचनाकारांचा हा लॉक १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीच्या ७१० या चाकूतून आला. त्यात मुठीतून आरपार गेलेला आडवा दांडा पातं अडवतो; तो मागे ओढला की पात्यावरचा दाब जातो आणि ते मोकळं झुलतं. उघडतं ते मनगटाच्या झटक्याने. त्याची खरी कमाई मिटण्यात आहे, कारण बोटं पात्याच्या वाटेत येतच नाहीत. शिवाय दांडा दोन्ही बाजूंनी ओढता येतो. लायनर लॉकची पट्टी बहुधा उजव्या अंगठ्याचा विचार करून बसवलेली असते. डावखुऱ्याला ती तर्जनीने सारावी लागते. हा सल्ला देणाऱ्यांत डावखुरे फारसे नसावेत.

लॉक आणि एका हाताने उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जर्मन कायद्यातही दिसतं. २००८ पासून तिथे एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. म्हणून त्या बाजारासाठी भोक असलेले पण लॉक नसलेले चाकू निघतात, आणि लॉक असलेले पण फक्त नखाच्या खाचेने उघडणारेही.